शेनमू २ पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी: खेळाडूंची मते कशी वाचावीत आणि गेमला सुरुवात कशी करावी

शेनमू २ विषयी खेळाडूंना विचारले, तर उत्तरे दोन टोकांची मिळतात. काहींच्या मते इतका जिवंत आणि इतका मनस्वी साहसी गेम पुन्हा झाला नाही, तर काहींच्या मते तो संथ, अवघडलेल्या नियंत्रणांचा आणि काळाच्या मागे पडलेला आहे. नवख्या खेळाडूचा गोंधळ होतो तो यामुळे की हे दोन्ही गट बहुतेक वेळा एकाच प्रसंगाबद्दल बोलत असतात. मंदिरातल्या पोथ्या उन्हात नेऊन ठेवण्याचे काम एकाला गेमचे हृदय वाटते आणि दुसऱ्याला वेळेचा अपव्यय. दोघेही खरेच बोलत असतात. कुंगफूचा गेम म्हणून आपण हाती काय घेतले आहे याची त्यांची कल्पना वेगवेगळी असते आणि पुढचा सगळा अनुभव त्या कल्पनेवर ठरतो. म्हणून या लेखात गेम कसा खेळावा हे टप्प्याटप्प्याने सांगताना प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंची कोणती तक्रार ऐकू येते, तिच्यात तथ्य किती आणि ती टाळता येते का, हेही सांगितले आहे. कथेतील मोठी रहस्ये उघड होणार नाहीत याची काळजी घेतली आहे.

मत कोणत्या आवृत्तीविषयी आहे ते आधी पाहा

हा गेम जपानमध्ये ६ सप्टेंबर २००१ रोजी सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम-यंत्रावर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपात पोहोचला. तोपर्यंत सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केलेला होता, म्हणजे ज्या यंत्रासाठी हा अवाढव्य गेम घडवला गेला ते यंत्र गेम बाहेर पडण्याआधीच बाजारातून जाऊ लागले होते. उत्तर अमेरिकेतील ड्रीमकास्ट आवृत्ती रद्द झाली आणि तिथल्या खेळाडूंना २००२ मध्ये एक्सबॉक्सवर, इंग्रजी डबिंगसह, हा गेम मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्ये पहिला आणि दुसरा भाग एकत्र करून संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांसाठी सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झाला.

हा इतिहास सांगण्यामागे व्यावहारिक कारण आहे. युरोपातील जुना खेळाडू आठवण सांगतो ती चार डिस्कच्या, जपानी आवाजांच्या आणि पहिल्या भागातील सेव्ह (म्हणजे साठवलेली प्रगती) पुढे नेता येणाऱ्या गेमची. अमेरिकेतील एक्सबॉक्सवाल्याला ती सेव्ह नेण्याची सोय नव्हती. पहिल्या भागाची कथा त्याला सोबत दिलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीवरून समजून घ्यावी लागली, त्यामुळे ‘कथेत मध्येच ढकलल्यासारखे वाटते’ ही तक्रार त्या गटात स्वाभाविकच जास्त दिसते. २०१८ च्या आवृत्तीविषयी अगदी सुरुवातीच्या दिवसांत लिहिलेल्या मतांमध्ये ध्वनी आणि दृश्यांतील दोषांचा उल्लेख वारंवार येतो. त्यांतील बरेच दोष नंतरच्या अपडेटमध्ये दूर झाले. तेव्हा कोणतेही मत वाचताना ते कधीचे आहे आणि कोणत्या यंत्रावरचे आहे हे आधी पाहावे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने २०१८ ची आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात जपानी आणि इंग्रजी असे दोन्ही आवाज आहेत, हवे तिथे सेव्ह करता येते आणि चालण्यासाठी अॅनालॉग स्टिक वापरता येते. कटसीन, म्हणजे आपण खेळत नसताना चालणारी चित्रपटासारखी दृश्ये, मात्र जुन्याच चौकोनी आकारात दिसतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणून आपल्या सेटिंगमध्ये काही बिघडले आहे असे समजू नये.

पहिला भाग खेळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालावा का

शक्य असेल तर घालू नये. पहिला भाग योकोसुका या जपानी बंदराच्या गावात घडतो. नोव्हेंबर १९८६ च्या अखेरीस लान दी नावाचा चिनी इसम हाझुकी यांच्या घरी येतो, रियो या तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांना ठार मारतो आणि ड्रॅगन आरसा घेऊन निघून जातो. घरात लपवलेला दुसरा, फिनिक्स आरसा रियोला सापडतो आणि लान दीच्या शोधात तो हाँगकाँगची बोट धरतो. दुसरा भाग त्या बोटीतून उतरण्यापासून सुरू होतो. केवळ ही कथा समजून घ्यायची असेल, तर वर दिलेला सारांश जवळजवळ पुरेसा आहे. पहिला भाग खेळण्याचे खरे कारण निराळे आहे. योकोसुकाचे छोटे, ओळखीचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जग आपण काही दिवस अनुभवलेले असले, तरच हाँगकाँगमध्ये उतरल्यावर रियोला जाणवणारे परकेपण आपल्यालाही जाणवते. योकोसुकात प्रत्येक जण त्याला नावाने हाक मारतो. इथे त्याला ओळखणारे कोणीच नसते.

दुसरा फायदा रोकडा आहे. पहिल्या भागाची सेव्ह दुसऱ्यात घेता येते, म्हणजे तिथे शिकलेले आणि सरावाने पक्के केलेले डाव इथेही उपयोगी पडतात. पहिला भाग दुसऱ्यापेक्षाही संथ आहे हे मात्र मान्य करायला हवे. तो अगदीच सोसवत नसेल, तर त्यातील कथेचा सारांश पाहावा आणि दुसऱ्याकडे वळावे. दोन्ही गेम सोडून देण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

भाषा आणि नियंत्रणे

आवाजांबाबत खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. इंग्रजी डबिंगमध्ये रियोचा आवाज कोरी मार्शल यांचा आहे, तर जपानीमध्ये मासाया मात्सुकाझे यांचा. इंग्रजी संवाद कोरडे, तुटक आणि पुष्कळदा एकमेकांशी न जुळणारे वाटतात, हा आक्षेप योग्य आहे. तरीही त्या तुटकपणावर जीव असलेले खेळाडू पुष्कळ आहेत, कारण त्यांनी लहानपणी तोच रियो ऐकला. नव्या खेळाडूला त्या आठवणींचे भांडवल नसते. त्याने जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल निवडावीत, असे मी सुचवेन. गंभीर प्रसंग गंभीरच राहतात आणि भावनांचा पोत अधिक चांगला पोहोचतो. मात्र चालता चालता सबटायटल वाचणे ज्यांना जड जाते, त्यांनी इंग्रजी आवाज निवडायला काहीच हरकत नाही.

नियंत्रणांविषयीची तक्रार निर्विवाद आहे. रियो वळताना जड वाटतो, अरुंद जागेत भिंतीला अडकतो आणि कॅमेरा हवा तिथे जाईलच याची खात्री नसते. हा गेम त्रिमितीय जगात चालण्याचे संकेत अजून ठरत होते त्या काळातला आहे. पहिला तासभर गल्लीबोळांतून उगाच फिरून हाताला सवय करून घ्यावी आणि वस्तूंकडे किंवा फलकांकडे निरखून पाहण्याचे बटण लक्षात ठेवावे, कारण हा गेम पाहण्यावर फार अवलंबून आहे.

अबरडीन: पहिला धक्का

हाँगकाँगच्या अबरडीन या भागात बोटीतून उतरल्यावर थोड्याच वेळात रियोची पिशवी चोरीला जाते. नवख्या खेळाडूंची पहिली चिडचिड इथे होते: बदला घ्यायला आलेला नायक आणि त्याला एका पोराने लुबाडावे? हा प्रसंग टाळता येत नाही आणि टाळण्याचा प्रयत्नही करू नये. परक्या शहरात, खिसा रिकामा असताना, कोणावर विश्वास ठेवावा हेच कळत नाही अशा अवस्थेत रियोला आणून सोडणे हा या गेमच्या रचनेचा पाया आहे. मोटारसायकलवरून येणारी जॉय आणि चोरांच्या टोळीतला छोटा वाँग ही माणसे त्या पहिल्या काही तासांत भेटतात आणि पुढे कथेत महत्त्वाची ठरतात, म्हणून त्यांचे बोलणे घाईने पुढे ढकलू नये.

विचारपूस करण्याची पद्धत

बहुतेक तक्रारींचे आणि बहुतेक कौतुकाचे मूळ याच टप्प्यात आहे, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो.

आजच्या गेममध्ये पुढचे ठिकाण नकाशावर चकाकते आणि आपण तिकडे धावतो. शेनमू २ मध्ये रियोच्या वहीत एक ओळ लिहिली जाते, उदाहरणार्थ अमुक माणसाला शोधायचे आहे, आणि बाकी सगळे आपल्यावर सोडले जाते. शोधायचे म्हणजे रस्त्यावरच्या माणसांना विचारायचे. विचारलेला माणूस घाईत असू शकतो, त्याला ठाऊक नसू शकते, तो दुसऱ्या कोणाचे तरी नाव सांगू शकतो. या साखळीला कंटाळलेला खेळाडू म्हणतो की हा गेम म्हणजे नुसती ‘याला विचार, त्याला विचार’ आहे. तक्रार चुकीची नाही. हाँगकाँगच्या वान चाय भागात कुंगफूची चार तत्त्वे जाणणाऱ्या माणसांचा माग काढताना ही साखळी इतकी लांबते, की मध्ये एकदा विसावा घेणे शहाणपणाचे ठरते.

परंतु या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे जी त्या काळात अन्यत्र क्वचितच होती आणि आजही फारशी दिसत नाही. रस्ता विचारला की पुष्कळदा समोरचा माणूस ‘चला, मी दाखवतो’ म्हणून आपल्यापुढे चालू लागतो. आपण त्याच्या मागे जातो, तो कोपऱ्यावर वळतो, मागे आपण येत आहोत ना याची वाट पाहतो आणि इमारतीपाशी पोहोचवून आपल्या वाटेने निघून जातो. परक्या शहरात अनोळखी माणसाच्या भरवशावर चालण्याची ही भावना चकाकत्या खुणेतून कधीच येणार नाही. ज्यांना हा गेम आवडला त्यांच्या बोलण्यात ही भावना पुन्हा पुन्हा येते, मग ते ती नीट शब्दांत मांडोत अथवा न मांडोत.

व्यवहारात पुढीलप्रमाणे वागावे. नव्या भागात शिरताच तिथला नकाशा विकत घ्यावा. तो मिळेपर्यंत दिशाभूल अटळ आहे. प्रश्न विचारताना दुकानदारांना आणि एका जागी उभ्या असलेल्या माणसांना प्राधान्य द्यावे, कारण घाईने चालणारे बहुधा थातुरमातुर उत्तर देतात. दोघांनी एकच जागा सांगितली की आणखी चौकशी न करता तिकडे निघावे. आणि भेटीची वेळ ठरलेली असेल तर थांबण्याचा पर्याय वापरावा: पहिल्या भागात घड्याळाकडे पाहत तासन् तास घालवावे लागत, ती अडचण दुसऱ्या भागात दूर केलेली आहे आणि ठरलेल्या वेळेपर्यंत थेट पुढे जाता येते. ही सोय अनेकांच्या लक्षातच येत नाही आणि मग ते उगाच ‘वेळ जाता जात नाही’ म्हणत बसतात.

एक सावधगिरीची सूचना. सेगाचीच याकुझा मालिका २००५ पासून सुरू झाली आणि तिच्यातल्या शहरांत पावलोपावली मारामारी, मिनीगेम आणि विनोदी उपकथा भरलेल्या आहेत. याकुझा आवडला म्हणून शेनमूकडे वळणारे पुष्कळ आहेत. त्यांची निराशा होण्याचा संभव मोठा आहे, कारण शेनमूमध्ये मारामारी अधूनमधून होते आणि शहर प्रामुख्याने राहण्यासाठी असते. ही तुलना मनातून काढूनच सुरुवात करावी.

पैसा

हाँगकाँगमध्ये राहण्याचे भाडे रियोला द्यावे लागते आणि कथेत काही ठिकाणी मोठी रक्कम जमवावीही लागते. पेट्या वाहण्याचे काम सर्वांत खात्रीचे आहे: सहकाऱ्याबरोबर पेटी उचलायची आणि सूचना येईल तसे योग्य दिशेचे बटण दाबत ती नेऊन ठेवायची. कमाई बेताची असते, पण बुडत नाही. खिळ्यांच्या फळीवरून चेंडू सोडण्याचा लकी हिट हा रस्त्यावरचा खेळ नशिबाचा आहे. पैज लावण्याआधी सेव्ह करावी आणि हरल्यास ती पुन्हा उघडावी, ही युक्ती बहुतेक सगळेच करतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. हाताची कुस्ती आणि रस्त्यावरच्या पैजेच्या लढतीही आहेत. यंत्रातून मिळणारी कॅप्सूल खेळणी गहाणवटीच्या दुकानात विकता येतात, तेव्हा ती नुसतीच हौस म्हणून जमवू नयेत. आर्केडमध्ये हँग-ऑन, आउटरन, स्पेस हॅरियर आणि आफ्टर बर्नर २ हे सेगाचे जुने गेम पूर्णपणे खेळता येतात. तिथे पैसे उडवण्याचा मोह होतो, तो भाड्याचे पैसे बाजूला काढून झाल्यावरच पुरवावा.

मंदिर, पाने आणि पोथ्या

वान चायमध्ये रियो मॅन मो मंदिरात शियुइंग नावाच्या स्त्रीला भेटतो. ती कुंगफूची थोर जाणकार आहे आणि रियोचा बदल्याचा हट्ट तिला मुळीच मान्य नाही. ती त्याला शिकवत नाही. आधी झाडावरून पडणारी पाने हवेत झेलायला लावते आणि मग पोथ्यांना ऊन दाखवण्याच्या कामाला लावते. पोथ्यांची चळत उचलायची, तोल सांभाळत अंगणात न्यायची, मांडायची आणि पुन्हा आत यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या गेमविषयी आपले मत नेमके काय आहे हे ओळखायचे असेल, तर ते याच ठिकाणी कळते. पहिल्या सकाळी कुतूहल असते, दुसऱ्या सकाळी कंटाळा येतो आणि त्यानंतर केव्हातरी हे लक्षात येते की रियोलाही नेमका हाच कंटाळा आलेला आहे. त्याची धुसफूस, शियुइंगचे निर्विकार राहणे आणि दोघांमध्ये हळूहळू बदलत जाणारे काहीतरी, हे सारे त्या पुनरावृत्तीशिवाय उभे राहिले नसते. कटसीनमधून दोन मिनिटांत ‘गुरूने शिष्याचा संयम पारखला’ असे दाखवता आले असते, पण मग संयम पारखला गेला असता तो फक्त रियोचा. निर्माते यू सुझुकी आणि त्यांच्या एएम२ या चमूने तो खेळाडूचाही पारखायचे ठरवले. हा निर्णय धाडसी होता आणि मी तो या गेमचा सर्वांत मोठा गुण मानतो.

तरीही ज्यांना तो मानवत नाही त्यांना मी समजूत घालणार नाही. दिवसभराच्या कामानंतर तासभर खेळायला बसलेल्या माणसाला पोथ्या उचलायला लावणे ही त्याची परीक्षा पाहण्यासारखेच आहे. अशा वेळी एक उपाय करावा: हा भाग सलग न खेळता रोज थोडा, गेममधला एखादा दिवस एवढाच खेळावा. थकल्यावर रेटून पूर्ण करण्याचा हट्ट धरला की नेमका उत्तम प्रसंगच नकोसा होतो.

लढती आणि अचानक येणारी बटणे

लढतींचा सांगाडा सेगाच्या व्हर्च्युआ फायटर या मारामारीच्या गेमवरून घेतलेला आहे. मुळात हा प्रकल्पच सेगा सॅटर्न या ड्रीमकास्टआधीच्या यंत्रावर व्हर्च्युआ फायटरच्या जगातील भूमिकाप्रधान गेम म्हणून सुरू झाला होता. डावांची यादी मेनूमध्ये बटणांसह दिलेली असते आणि ती लांबलचक असते. नवख्याने ती सगळी पाठ करण्याच्या फंदात पडू नये. हाताला बसणारे दोन-तीन डाव, एक पकडून आपटण्याचा डाव आणि वार चुकवण्याचे बटण, एवढ्यावर बहुतेक लढती निभावतात. अनेक जण घेराव घालतात तेव्हा एका कोपऱ्यात सरकावे, म्हणजे मागून वार होत नाहीत. डावांचा सराव केला की ते अधिक परिणामकारक होत जातात, तेव्हा सुरुवातीपासून थोडेच डाव निवडून त्यांवर मेहनत घेणे फायद्याचे आहे.

क्विक टाइम इव्हेंट ही संज्ञा या मालिकेमुळेच रूढ झाली. पळताना, झटापटीत किंवा अगदी गप्पांच्या मध्येही पडद्यावर अचानक बटण उमटते आणि क्षणात ते दाबावे लागते. दुसऱ्या भागात याशिवाय अनेक बटणांची मालिका एका दमात दाबण्याचेही प्रसंग आहेत. चुकले तर बहुधा पुन्हा प्रयत्न करता येतो, म्हणून धसका घेऊ नये. कटसीन सुरू झाली म्हणून कंट्रोलर खाली ठेवू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे.

कौलून

हाँगकाँगमधील कौलून तटबंदी नगरीत पोहोचल्यावर गेमचा रंगच बदलतो. इथवर शांत चाललेली कथा अंधाऱ्या जिन्यांत, भूमिगत लढतींत आणि टोळ्यांच्या अड्ड्यांत शिरते. ‘आता कुठे कुंगफूचा गेम सुरू झाला’ असे म्हणणारे खेळाडू या भागाबद्दल बोलत असतात. रेन नावाचा पैशाचा लोभी टोळीप्रमुख आणि सरळमार्गी रियो यांना एकाच बेडीत अडकून पळावे लागते, तो प्रसंग साऱ्या मालिकेत अव्वल म्हणावा असा आहे: दोन विरुद्ध स्वभावांची माणसे एकमेकांना ओढत, अडखळत धावतात आणि प्रत्येक अडथळ्यावर दोघांना एकाच वेळी हालचाल करावी लागते.

खरी कौलून तटबंदी नगरी साधारण अडीच हेक्टर जागेत वसलेली होती. १९८७ मध्ये, म्हणजे कथा घडते त्याच वर्षी, तिथे सुमारे ३३ हजार लोक राहत होते आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत ती पाडण्याचा निर्णय जाहीर झाला. १९९४ पर्यंत ती जमीनदोस्त झाली. कै टाक विमानतळ जवळ असल्याने खऱ्या इमारती साधारण चौदा मजल्यांपलीकडे गेल्या नव्हत्या. गेममध्ये त्या याहून कितीतरी उंच आहेत. सुझुकींच्या चमूने तिथली दाटी, ओल आणि काळोख तेवढा उचलला आणि उंची आपल्या कल्पनेने वाढवली, हे मला योग्य वाटते.

कौलूनविषयीच्या तक्रारीही खऱ्या आहेत. इमारतींचे मजले एकमेकांसारखे दिसतात, खोल्या पुष्कळ आणि त्यांतील बऱ्याच रिकाम्या असतात, त्यामुळे आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे विसरायला होते. मजल्याचा आकडा कुठे लिहिला आहे ते आधी पाहून ठेवावे. पडक्या इमारतीत अरुंद फळ्यांवरून तोल सांभाळत जाण्याचे प्रसंग अनेकांना नकोसे झाले आहेत. तिथे पाऊल टाकण्यापूर्वी सेव्ह करावी आणि फळीवर असताना घाई न करता पडद्यावरच्या सूचनेची वाट पाहावी. मला विचाराल तर या फळ्या गेमचा सर्वांत कमकुवत भाग आहेत. मंदिरातील पोथ्यांची पुनरावृत्ती माणसांविषयी काही सांगते. या फळ्यांची पुनरावृत्ती फक्त खेळाडूला थकवते.

ग्वेलिन

शेवटचा भाग चीनमधील ग्वेलिनच्या डोंगरदऱ्यांत घडतो आणि कौलूनच्या धामधुमीनंतर तो इतका शांत आहे की काही खेळाडूंना गेम संपून दुसराच सुरू झाल्यासारखे वाटते. लढती जवळजवळ नाहीतच. रियोला शेनहुआ नावाची मुलगी भेटते आणि दोघे ओढ्याकाठाने, जंगलातून, तिच्या गावाकडे चालत जातात. चालता चालता ती प्रश्न विचारते, आपण उत्तर निवडतो, ती फुलांविषयी, झाडांविषयी, घराविषयी बोलते. अंतिम महालढतीची अपेक्षा धरून इथे आलेल्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि त्याचा राग समजण्याजोगा आहे, विशेषतः कथा ऐन वळणावर येऊन थांबते तेव्हा.

ही गोष्ट आधीच माहीत असावी म्हणून स्पष्टपणे सांगतो: सूडाची कथा या भागात पूर्ण होत नाही. ज्यांनी हा गेम २००१ मध्ये संपवला त्यांना पुढच्या भागासाठी नोव्हेंबर २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली आणि तोही खेळाडूंनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर स्वतःचे पैसे घालून शक्य केला. त्या अठरा वर्षांच्या प्रतीक्षेमुळे जुन्या खेळाडूंच्या मतांत प्रेम आणि कडवटपणा दोन्ही मिसळलेले आढळतात, ते ओळखून वाचावे. ग्वेलिनच्या भागासाठी मोकळी संध्याकाळ राखून ठेवावी, आवाज नीट ऐकू येईल असे बसावे आणि शेनहुआच्या प्रश्नांना मनापासून वाटेल ते उत्तर द्यावे; तिथे बरोबर-चूक असे फारसे काही नाही.

पुढे काय

शेनमू २ आवडला, तर लगेच शेनमू ३ सुरू करण्याची घाई करू नये. तो ग्वेलिनमधल्या शेवटच्या दृश्यापासूनच पुढे जातो, परंतु त्याची लय पहिल्या भागाच्या अधिक जवळची आहे. कौलूनसारखा वेग त्याच्यात शोधणारे नाराज होतात. कथा त्या भागातही संपत नाही. जुनी सेव्ह तिथे चालत नाही, त्यामुळे कमावलेले डाव सोडून नव्याने सराव करावा लागतो. शिवाय तिथे धावले की रियोची शक्ती खर्च होते आणि ती अन्न खाऊन भरून काढावी लागते, तेव्हा बाइलू गावात पोहोचताच दुकानातून थोडे खाण्याचे सामान घेऊन ठेवावे आणि लढतीला उभे राहण्यापूर्वी शक्तीची पट्टी भरलेली आहे ना, ते तपासावे.